मागची फळी

आमच्या घरमालकांनी फायबरची जुनी होडी विकत घेतली तेव्हा त्यांच्या घरात मासे खाणारं कोणी नव्हतं, आणि फिरवायला नेण्यासारखंही कोणी उरलेलं नव्हतं. विकणाऱ्या कोळ्याने विचारलं, "सार, कशासाठी हवी?" तर हे शर्टाची कॉलर नीट करून म्हणाले, "मासे धरायला. आणि घरच्यांना फिरवायला." मी शेजारी स्कूटर धरून उभा होतो. पलीकडच्या घरात ऑम्लेट व्हायला लागलं की हा माणूस उठून आपल्या स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचा.  पण हे खोटं आहे असं म्हणायला मला तोंडच नव्हतं.

आता ते नाहीत, म्हणून लिहितो आहे. ते असताना हे लिहिलं असतं तर त्यांनी कागदावर टिचकी मारून बाद केलं असतं.

मी मूळचा सांगलीकडचा. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, माल तपासायच्या खात्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईत आलो. कंपनीची बस वेलचेरीतून जायची, म्हणून वेलचेरीत घर शोधत होतो. दलाल म्हणाला, एक घर आहे, मालक तुमच्याच भाषेचे, खाली ते दोघं नवराबायको राहतात, वरचा मजला रिकामा आहे. पण तीन भाडेकरूंना त्यांनी दारातून परत पाठवलंय. आम्ही टेंपोत सामान घालून गेलो. मी, बायको आणि पाळण्यातली लेक. मालक फाटकात उभे. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, इस्त्रीचा शर्ट, हातात एक जुना जाड रुपया. नमस्कार-चमत्कार काही नाही. सरळ टेंपोपाशी आले आणि आमच्या कपाटावर रुपयाने टक् टक् केलं. मान तिरकी करून ऐकलं. मग पिंप, मग पाळण्याचा दांडा, मग माझं हेल्मेट. हेल्मेट तेव्हा माझ्या डोक्यावर होतं.

"हें बद्द वाजतें," ते म्हणाले.

आतून एक बारीक आवाज आला. "अहो, डोकें आहे कीं त्यांत!"

त्या काकू. मालक ओशाळले. हेल्मेट काढायला लावलं, पट्ट्याला धरून हवेत टांगलं आणि पुन्हा वाजवलं. "हां. बरें आहे. यावें."

त्यांची मराठी तंजावरची. पूर्वज कधीकाळी तिकडे गेले, आणि भाषा तिथेच थांबली. वर तमिळचा हेल. पहिले काही दिवस मला वाटायचं, हे माझ्याशी बोलत नाहीत, पोथी वाचतायत. माझी मराठी त्यांना उलट शाळेतल्या मास्तरांसारखी वाटायची. तरी आमचं जमलं, कारण दोघांचा धंदा एकच निघाला.

उत्तर चेन्नईतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात ते बत्तीस वर्षं तपासनीस होते. ओतीव लोखंडाचा नग दोरीला टांगायचा आणि हातोडीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे, बाद. पुढे कारखाना बंद पडला, पण हाताची खोड गेली नाही. घरात येणारी प्रत्येक वस्तू रुपयाने वाजवून घ्यायची. नारळ, भोपळा, मातीचं मडकं, सिलिंडर, पाण्याचा वीस लिटरचा कॅन. कॅनवाला तर कॅन खाली ठेवून टिचकीची वाट पाहत उभा राहायचा. गल्लीतली मुलं त्यांना 'तट्टु तात्ता' म्हणायची, म्हणजे टकटक आजोबा. एकदा त्यांनी देवळातली घंटा चिरली आहे असं पुजाऱ्याला सांगितलं. पुजारी रागावला. दीड वर्षाने घंटेचा टवका उडाला, तेव्हा पुजाऱ्याने घरी येऊन सुंडल, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा प्रसाद, दिला.

"डोळ्यास रंग दिसतो," ते म्हणायचे, "कानास पोट दिसतें."

त्यांचे नियम ठरलेले होते. पहिला, नग टांगून वाजवायचा. जमिनीला टेकलेला, माणसाने धरलेला नग बद्दच वाजतो, मग तो कितीही चांगला असो. दुसरा नियम माझ्या बायकोला चांगला महागात पडला. तिने सांगलीहून लोणच्याची चिनी मातीची बरणी आणली होती, तिच्या आईची. यांनी जिन्यातून जाता जाता वाजवली. मग बायकोला बोलावून लोणचं पातेल्यात काढायला लावलं, बरणी गळ्याला सुतळी बांधून टांगली, पुन्हा वाजवली. "बद्द," म्हणाले. आम्हाला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात खळ्ळ आवाज झाला. यांनी बरणी हातोडीने फोडली होती! बायको रडायचीच बाकी राहिली.

"बाद म्हटलें कीं फोडायचें," ते शांतपणे म्हणाले. "त्याच दिवशीं, फार तर दुसऱ्या. ज्यानें बाद केलें, त्यानेंच. न फोडतां ठेविलें तर कोणी तरी पुन्हा चांगल्यांत मिसळतो."

खापरी उचलून त्यांनी दाखवली. कडेपासून आत एक काळी रेघ गेलेली होती, जुनी, तेल मुरलेली. बायकोने महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला, पण त्यांचं बरोबर होतं. ते नेहमीच बरोबर असायचे. तीच पुढे सगळ्यात वाईट गोष्ट झाली.

माझ्या कारखान्यात बाद माल फोडत नाहीत. पिवळं लेबल लावून बाजूला ठेवतात, आणि महिनाअखेर जवळ आली, वरून फोन आला, की त्यावर हिरवं लेबल लागतं. लावणारा मी. संध्याकाळी बसमधून उतरून फाटकात शिरलो की ते तमिळ वळणाने विचारायचे, "आज किती फोडलेंस पा?" मी म्हणायचो, "चार-पाच." त्यांना बरं वाटायचं. त्यांच्याशी खोटं बोलायची माझी सुरुवात अशी बिनखर्चाची झाली.

काकू हसऱ्या होत्या. लग्न ठरवायला आले तेव्हा यांनी उप्पिट्टाची पितळी ताटली वाजवून तिच्या वडिलांना 'चिरली आहे' म्हणून सांगितलं, ही गोष्ट त्यांनी आम्हाला दहा वेळा तरी सांगितली असेल. "अस्कें वाजवून पाहिलें यांनी," त्या म्हणायच्या, अस्कें म्हणजे सगळं, "मलाच वाजवायचें राहिलें." हे त्या हसत सांगायच्या, आणि ते मान खाली घालायचे. कारण काकूंची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागायचं. शेअर ऑटोत बसवायच्या आधी ते ऑटोचं टपही वाजवून बघत.

वेलचेरी ही मुळात तळ्याची जागा. रिक्षावाले म्हणतात, पाऊस झाला की तळं आपली जागा परत मागायला येतं. मोठ्या पुराच्या वर्षी ते असं आलं की एका दिवसात खालचा मजला गेला. ती दोघं वर आमच्याकडे आली. वीज नाही, फोन नाही. काकूंची एक फेरी चुकली होती, पाय सुजले होते, धाप लागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गल्लीत होडी आली. कोळी लोकांनी आपल्या होड्या लॉरीत घालून शहरात आणल्या होत्या. ही फायबरची, छोटी, जुनी, निळ्या रंगावर पिवळा पट्टा, पुढे हातभर ठिगळ. पाण्याखाली मोटारी बुडालेल्या, म्हणून इंजिन काढून ठेवलेलं. दोघं जण बांबूने ढकलत होते.

आधी आम्ही उतरलो. काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीतून आणायचं होतं, म्हणून जिना मोकळा केला. मी अगदी मागे जाऊन फळीला पाठ लावून बसलो, लेक मांडीवर. पुढच्या दोन जागा त्या दोघांसाठी ठेवल्या. ते पायरीवर गुडघाभर पाण्यात उतरले, खिशातून रुपया काढला, आणि माझ्या पाठीमागच्या फळीवर बाहेरून वाजवलं. पुन्हा वाजवलं. त्यांचा चेहरा पडला.

"उतर," ते मला म्हणाले. "पोरीस घेवोन उतर. मागची फळी बद्द आहे. आंत लांकूड कुजलें आहे."

होडीवाला कोळी तमिळमध्ये म्हणाला, "अय्या, ही रोज समुद्रात जाते."

"रोज जाते म्हणूनच कुजली."

"काका, बसा हो," मी म्हणालो. माझी बायको माझा शर्ट घट्ट धरून होती. मी उतरलो नाही.

"बाद केलेल्यांत मंडळीस बसवूं मी?"

काकू वरच्या वळणावर खुर्चीत होत्या. "बसूं या कीं," त्या हळूच म्हणाल्या. काकांनी नुसती नकाराची मान हलवली. चाळीस वर्षांत त्या कानाचं कधी चुकलं नव्हतं. काकूंनी हट्ट धरला नाही. आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढें. आम्ही दुसरींत येतों."

दुसरी होडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. काकू शुद्धीत नव्हत्या. इस्पितळात तीन दिवस होत्या आणि गेल्या. मध्ये गेलेल्या त्या सव्वीस तासांबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. आमची होडी दोन फाटकांना आणि एका बुडालेल्या मोटारीला धडकत पाऊण तासात मोठ्या रस्त्याला लागली होती.

तेराव्यानंतर ते वर आले. बसले नाहीत. "होडींत पाणी आलें होतें का?"

"थोडं," मी म्हणालो. आलं होतं, पावसाचं.

"किती?"

"थोडं, काका."

"येणारच," ते म्हणाले. "कुजल्यावर येणारच."

तेव्हापासून त्यांना जगात एकच गोष्ट हवी होती. ती फळी आतून कुजलेली असायला हवी होती. कुजलेली असली, तर त्यांनी बायकोला बुडण्यापासून वाचवलं होतं, पुढचं देवाने केलं. चांगली असली, तर दारात आलेली होडी त्यांनी परत पाठवली होती. हे त्यांनी मला कधी तोंडाने सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही.

ती होडी शोधायला आम्ही तीन महिने रविवारी हिंडलो. माझी स्कूटर, मागे ते, हातात छत्री. समुद्रालगतच्या एकेका कुप्पमात, म्हणजे कोळीवाड्यात जायचं आणि पिवळा पट्टा, पुढे ठिगळ असं सांगायचं. लोक हसायचे, चहा द्यायचे. शेवटी ईस्ट कोस्ट रोडकडेच्या एका कुप्पमात ती वाळूत पडलेली सापडली. कोळी मोठी होडी घेणार होता, ही विकायचीच होती. त्याने यांना ओळखलं. कसे आहात, घरच्या अम्मा कशा आहेत, असं त्याने विचारलं, आणि हे म्हणाले, "बऱ्या आहेत."

मग त्यांनी होडी तपासली. मी माझ्या धंद्यात अशी तपासणी पाहिलेली नाही. उन्हाने रंगाची भुकटी झाली होती, हात लावला की बोटं पांढरी व्हायची. वरच्या थरावर कोळिष्टकासारख्या बारीक भेगा. ते वाळूत गुडघे टेकून पुढच्या टोकापासून वाजवत निघाले, वीतभर अंतराने एक टिचकी. ठिगळ, तळ, दोन्ही कडा, बसायच्या फळ्या, पाणी सोडायच्या भोकाचं बूच. दोन ठिकाणी बद्द लागलं, तिथे खडूने फुली मारली. दोन्ही ठिकाणं आपण दुरुस्त केली आहेत असं कोळ्याने मान्य केलं. तास गेला. मागच्या फळीपाशी आले, रुपया उचलला, आणि तसाच खिशात घातला.

कोळ्याला नवल वाटलं. "सार, लोक सगळ्यात आधी मागची फळी बघतात. इंजिन तिच्यावर लटकतं. आत प्लायवूड असतं, वरून फायबर. बोल्टाच्या भोकातून पाणी शिरलं तर बाहेरून चकचकीत आणि आत शेण. फळी गेली की इंजिन घेऊनच जाते."

"ठाऊक आहे," हे म्हणाले.

कोळ्याने त्यांच्याकडे बघितलं. "विकतो. पण मोडायला देणार नाही. या होडीने माणसं काढली आहेत. कशासाठी हवी?"

त्यावर त्यांनी काय सांगितलं ते मी आधीच लिहिलं आहे.

होडी मिनी लॉरीतून आली आणि पोर्टिकोत दोन टायरांवर बसली. अर्धी बाहेर राहिली, तर बाहेर पत्रा वाढवून घेतला. वर निळी ताडपत्री. थेंब पडू द्यायचे नाहीत. मी विचारलं, फळी कधी उघडायची? म्हणाले, "वादांतला नग आहे. निकाल लागेपर्यंत आहे तसा ठेवायचा." कारखान्यात म्हणे अशा नगांचं वेगळं कपाट असे. निकाल कोण लावणार, हे मी विचारलं नाही. ते रोज सकाळी होडीशेजारी खुर्ची टाकून कॉफी पीत. माझी लेक त्या होडीत बसून अभ्यास करत मोठी झाली. ते तिला पुढे बसू द्यायचे. मागे सरकली की म्हणायचे, "तिकडें टेकूं नको, कण्णा."

दर पोंगलला कोळ्याचा फोन यायचा. एकदा मी तिथेच होतो. "मासे मिळतात का सार?" "मिळतात." "घरचे खूश?" "खूश." फोन ठेवून त्यांनी ताडपत्रीची दोरी उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वर्षं गेली. मग त्यांचे कान गेले. त्यांनी ते लपवलं. कॅनवर टिचकी मारायचे, मान तिरकी करायचे आणि डोळे कॅनवाल्याच्या तोंडावर. तो बिचारा मोठ्याने म्हणायचा, "छान आहे, तात्ता!" मग हे मान हलवायचे. मला कळलं ते फाटकात. "आज किती फोडलेंस?" त्यांनी विचारलं, मी म्हणालो, "काहीच नाही, काका. आयुष्यात एकही नाही." का कोण जाणे, त्या दिवशी तोंडून खरं निघून गेलं. ते म्हणाले, "बरें."

गेल्या उन्हाळ्यात कोळी स्वतःच आला. गुडघे धरले होते, खोल समुद्रात जाणं होत नव्हतं. मोठी होडी भावाला दिली होती. आता काठाकाठाने मासे धरायला आणि नातींना फिरवायला त्याला ही छोटी होडी परत हवी होती. ताडपत्रीखालची होडी, तिच्या कडेला वाळत घातलेली पायपुसणी, हे त्याने बघितलं. आत भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो, तोही बघितला. सगळं समजला, पण एक शब्द लागट बोलला नाही. हे म्हणाले, "मंगळवारीं या."

कारण त्यात आता लहान मुली बसणार होत्या. निकाल लागायलाच हवा होता.

रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. ताडपत्री काढलेली होती. रुपया त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "माझे कान गेले," ते म्हणाले. "तुझे आहेत. वाजीव."

मी मागच्या फळीवर वाजवलं. खणखणीत. जाड, कोरड्या सागवानी दारासारखी वाजली. जरा खाली वाजवलं, बोल्टाच्या भोकांपाशी वाजवलं. सगळीकडे तोच आवाज. आणि तिसऱ्या टिचकीला माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी ती बद्द का वाजली असेल. तिला मी पाठ टेकून बसलो होतो.

ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"बद्द," मी म्हणालो.

"नीट ऐकलेंस?"

"बद्द, काका. पार कुजलेली आहे."

त्यांनी डोळे मिटले.  मग म्हणाले, "तिला कळायला हवें होतें." त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले. आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. माझ्या लेकीला तिचं गणित वाजवून दाखव म्हणाले, अशी थट्टा त्यांनी कित्येक वर्षांत केली नव्हती. मी बायकोला सांगितलं, दया आली म्हणून खोटं बोललो. ते खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. मला माझी पाठ सोडवून घ्यायची होती.

मी असा हिशेब केला होता की हे कोळ्याला फळी खराब आहे म्हणून सांगतील, तो हसेल, कारण त्याला आपली होडी माहीत आहे, आणि घेऊन जाईल. जन्म पिवळ्या लेबलावर हिरवं लेबल चिकटवण्यात गेलेल्या माणसाला असंच सुचणार. बाद केलेली वस्तू हा माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने फोडतो, हे मी विसरलो. आईच्या बरणीपायी महिनाभराचा अबोला सोसलेल्या घरात राहून विसरलो.

सोमवारी पहिली पाळी होती. साडेचारला बसमधून उतरलो, गल्लीत शिरलो, तर पोर्टिकोत पांढरी भुकटी पसरलेली. फायबरची. त्यांच्या वेष्टीवर, भुवयांवर, केसांत. सुताराकडून कटरने मागची फळी कापून घेतली होती आणि त्याला परत पाठवलं होतं. फोडायचं काम दुसऱ्याला द्यायचं नसतं. हातोडी पायाशी पडली होती. ते टायरावर बसले होते आणि दुभंगलेली फळी मांडीवर होती. आतलं लाकूड तांबूस, कोरडं, थराला थर घट्ट चिकटलेला.

"वास घे," त्यांनी तुकडा माझ्यापुढे केला.

मी घेतला. वखारीत येतो तसा वास होता.

"तुझे कान बरे आहेत ना?"

मी मान हलवली.

"मग मुद्दाम सांगिटलेंस."

 ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते लाकडाकडे बघत राहिले, आणि मग तपासनिसाच्या आवाजात, एकेक करून, विचारायला लागले. मी प्रत्येक उत्तर त्यांना दिसेल असं ओठ हलवून देत होतो.

"त्या दिवशीं फळीस इंजिन लावलेलें होतें?"

"नव्हतं."

"डबा, दोर, काय टेकलेलें?"

"नाही."

"तूं कोठें बसला होतास?"

"मागे."

"टेकोन?"

आणखी एक खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. "हो," मी म्हणालो. "पाठ टेकून. लेक मांडीवर होती."

त्यांनी मान हलवली, दोनदा. माझ्याकडे बघितलं नाही. "टांगून वाजवायचें असतें," ते म्हणाले. "अस्क्यांस मीच शिकविलें." मग वेष्टी झटकायला लागले. भुकटी निघत नव्हती.

मंगळवारी कोळी आला. कापलेल्या होडीपाशी उभा राहिला, फळीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाला, "लाकूड चांगलं होतं, अय्या." हे म्हणाले, "होय."

बुधवारी सकाळी मी बससाठी निघालो तेव्हा कॅनवाला आला होता. कॅन पायरीवर टेकवून तो नेहमीसारखा वाट पाहत उभा राहिला. हे दारात उभे, दोन्ही हात खाली सोडलेले.

"तात्ता, तट्टलैया?" त्याने मोठ्याने विचारलं. आज वाजवून बघत नाही?

"ठेव," ते म्हणाले.

पुढे ते सात महिने होते. रुपया माझ्याच खिशात राहिला होता. त्यांनी तो एकदाही परत मागितला नाही.